वलांडीवर वाळलेल्या कादंबऱ्या

"कपाटं रिकामी करा, खिडक्यांना लावा," मोठ्या बाई म्हणाल्या आणि गोष्टींच्या कपाटाच्या तळच्या खणात तर माझी पोरगी झोपलेली होती, ते शाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं.

बाहेर रस्त्यावर दगड चाललेले. ट्राम मध्येच उभी. 'झालाच पाहिजे, झालाच पाहिजे' ओरडत माणसं लालबागकडून येत होती आणि पोलिसांनी धुराची नळकांडी फोडलेली, त्यातलं एक आमच्या फाटकाशीच येऊन पडलं. पटांगणात पोरी लंगडी खेळत होत्या, त्या डोळे चोळत, जवळची खोली म्हणून लायब्ररीत घुसल्या. तेवढ्यात खिडकीची काच फुटली. म्हणून मोठ्या बाईंना वाटलं कपाटं खिडक्यांना आडवी लावावीत. पण भरलेलं कपाट हलतंय कुठं, तर आधी पुस्तकं खाली काढायची, म्हणजे काढायची कसली, नुसती ओढायची नि टाकायची. शिवणाच्या बाई, वरच्या वर्गातल्या पोरी, सगळ्या ओढतायत नि टाकतायत, आणि मी आपली हात आडवे करून "ते कपाट नको, ते नको" म्हणत धावले ती थेट बादलीवर. फडकी भिजवून डोळ्यांना लावायला कुणीतरी भरून आणलेली. बादली कलंडली, सगळं पाणी पुस्तकांच्या ढिगात. मी उठून बघते तर मोठ्या बाई कपाटाचं दार उघडून वाकलेल्या.

"इंदिरा, हे काय आहे?"

"मुलगी आहे, बाई."

"ते दिसतंय मला. कादंबऱ्यांच्या खणात काय करतेय?"

"झोपलीय."

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी चाललेलं, धुराचं. त्यांनी पोरीला उचललं, आपला ओला पदर तिच्या तोंडावर धरला आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. धूर निवळेपर्यंत तशाच. मग माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "हिचं आपण उद्या बोलू."

आता हे मी लिहितेय ते लायब्ररीच्या मास्तरांनी सांगितलं म्हणून. दिवाळी अंकात कामाधंद्याचे अनुभव छापतात, वकील लिहितात, डॉक्टर लिहितात, तुम्हीही लिहा म्हणाले. मी म्हटलं, माझं शिक्षण गावच्या शाळेत चौथीपर्यंत, तेही शेवटच्या परीक्षेला बसले नाही, लग्न ठरलं. मला शुद्ध लिहायला येत नाही. ते म्हणाले, बोलता तसं लिहा. म्हणून बोलते तसं लिहितेय. दम लागला तर सांभाळून घ्या.

आमचे हे गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. खोली लालबागला. लायब्ररीचे मास्तर आमच्याच चाळीत खालच्या मजल्यावर राहतात, त्यांनी मला शाळेत लावली, हंगामी. काम म्हणजे झाडायचं, पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं घालायची, फाटलेली पानं चिकटवायची. खळ मीच शिजवते, मैद्याची, त्यात मोरचूद घालतात म्हणजे कसर लागत नाही. पोरीला शेजारच्या काकी बघायच्या. त्या अचानक गावाला गेल्या. त्या दिवसांत मास्तर सभा-मोर्च्यांतच असायचे, कपाटांच्या किल्ल्या माझ्याकडे. मला एकीनं सांगितलं, राईएवढी अफू चाटव, दिवसभर डोळा उघडणार नाही, गिरणीत जाणाऱ्या बायका करतात. माझा हात काही झाला नाही. म्हणून मी तिला टोपलीत, वर भाजीची पिशवी ठेवून, शाळेत आणायला लागले. तळच्या खणात पुस्तकं नव्हती, गोधडी घातली, दाराला फट ठेवली. झोपाळू पोरगी, तिनं कधी मला उघडं पाडलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा बंद. सगळंच बंद. मी तरी गेले, रात्रभर झोप नव्हती. मोठ्या बाई ऑफिसात एकट्या बसलेल्या.

"मास्तर सत्याग्रहात गेलेत, कधी सुटतील सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "लायब्ररीला दुसरं माणूस माझ्याकडे नाही. तर तू ती लाव, नीट चालव. तुला कायम करायचं की नाही, ते मास्तर आले की कमिटी ठरवील. मूल घेऊन येणारी बाई म्हटल्यावर कमिटीत कोण काय बोलेल ते मला आत्ताच ऐकू येतंय. तेव्हा मला सांगायला काहीतरी चांगलं असू दे."

"पोरीचं काय करू, बाई?"

"आण. पण कपाटात नाही. उजेडात ठेव."

मी मान हलवली आणि लायब्ररीत जाऊन बघितलं तर रडूच आलं. पुस्तकांचा चिखल. कव्हरं सुटलेली, आणि पाठीवरच्या चिठ्ठ्या, ज्यांच्यावर मास्तरांच्या हातचे नंबर, त्या फरशीला चिकटलेल्या, शाई पसरलेली.

इथं थोडं समजावून सांगते. लायब्ररीत पुस्तक ठेवणं कठीण नाही, हवं तेव्हा ते सापडणं कठीण. आमच्या मास्तरांची रीत अशी की गोष्टी-कादंबऱ्या लिहिणाऱ्याच्या आडनावानं लावायच्या, अ पासून ज्ञ पर्यंत, आणि पाठीवर चिठ्ठी. कपाटांना कुलूप. पोरी टेबलाच्या अलीकडे उभ्या राहणार, नाव सांगणार, मास्तर काढून देणार. मोठ्या लायब्रऱ्यांतही असंच असतं म्हणतात. पण पोरींना नाव कुठं ठाऊक असतं?

"मास्तर, ते लाल पुठ्ठ्याचं द्या."

"वरून सगळी खाकी आहेत. नाव सांग."

"नाव नाही माहीत. त्यात एक बाई विहिरीत उडी मारते."

"अशा पुष्कळ आहेत, बाळ."

मग पोरगी लाजून, "कुठलंही द्या," म्हणायची आणि मिळेल ते घेऊन जायची, तसंच परत आणायची. हे मी कोपऱ्यात खळ ढवळत रोज ऐकायची. पण माझं काय काम बोलायचं.

तर सगळ्यात आधी पुस्तकं वाळवायला हवीत. थंडीचे दिवस, गच्चीत ऊन चांगलं. मी ढीगच्या ढीग वर नेले, पोरगी गोधडीवर सावलीत. जाडी पुस्तकं पंख्यासारखी उघडून उभी केली, बारकी होती ती कपडे वाळत घालायच्या दोरीवर मध्येच उघडून टांगली. आणि वारा आला की त्यांच्यामागं धावत होते, तेवढ्यात जिन्यातून आवाज आला, "वैनी, बोंबील घातलेत काय वाळत?"

ही कुंदा. सातवीतली, प्रभादेवीच्या पलीकडच्या कोळीवाड्यातली. तिची आई परळच्या बाजारात मासळी विकते, कुंदा तिच्याबरोबर आली होती आणि बाजार बसला नाही म्हणून शाळेत काय चाललंय बघायला घुसली. ती गच्चीभर फिरली, दोरीवरची पुस्तकं बघितली आणि अशी हसली की माझी पोरगीही हसायला लागली.

"आमच्या वलांडीवर असेच टांगतात," म्हणाली. वलांडी म्हणजे बांबू-दोऱ्यांची मांडणी, तिच्यावर बोंबील तोंडात तोंड अडकवून टांगतात, मीही मालवणकडची, मला ठाऊक. "पण वैनी, तुम्ही सगळं मिसळून घातलंय. आमची आय सुकट न् बोंबील एका जागी कधीच नाय घालत. मग वाळल्यावर निवडत बसायला लागतं. घालतानाच येगळं घालायचं."

"अगं, वेगळं कसं घालू? चिठ्ठ्या गेल्या सगळ्या."

"चिठ्ठी कशाला पायजे? सुकटीला काय चिठ्ठी असते? आत काय हाय ते बघायचं."

मला आडनावं लावता आली नसती असं नाही, पहिल्या पानावर नाव असतंच. पण ओली पानं एकमेकांना चिकटलेली, पहिलं पान उघडायला गेलं की फाटायचं. मधलं उघडत होतं. म्हणून मी मधलं पान वाचायला लागले, अडखळत, ओठ हलवत. "ही भुताची," म्हणाले. कुंदा म्हणाली, "भुताची ह्या टाकीजवळ." झालं. तिथून ते सुरू झालं.

बाहेर काहीच चालू नव्हतं, त्यामुळं आसपासच्या चाळींतल्या पोरी एकेक करून गच्चीत यायला लागल्या. टाकीजवळ भुताच्या. जिन्याच्या कठड्याला चोर-पोलिसांच्या. उन्हात राजा-राणीच्या. दोरीवर हसायच्या, त्या बारक्याच होत्या. आणि सगळ्यात मोठा ढीग रडायच्या, सासुरवास, क्षय, विहीर, त्याला अर्धी गच्ची लागली. कुंदानं समुद्राच्या म्हणून एक ढीग मागितला, त्यात जेमतेम मूठभर निघाल्या, आणि त्यातही होडी बघितलेल्या माणसानं लिहिलेली एकच, असं तिचं म्हणणं. पोरी निवडता निवडता बसायच्या नि वाचायलाच लागायच्या. निवडायचं काम राहायचं, गच्ची चिडीचूप. मी ओरडायची, आणि ओरडता ओरडता माझंही लक्ष पानात.

एक पोरगी मात्र जिन्याच्या वरच्या पायरीवरच उभी. विमल. आमच्या मागच्या चाळींतली, जिथं कोपऱ्यावर निळा झेंडा आहे. वर्गात पहिली येणारी. मी म्हटलं, "ये ना गं."

"हात लावला तर चालेल?"

"का नाही चालणार?"

"गावाला नाही चालत," ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात, आणि ओली पुस्तकं ओलांडत आली. त्या दिवशी सगळ्यांत जास्त पुस्तकं तिनं लावली. जाताना मला विचारलं, "वहिनी, आमच्यासारख्या माणसांची गोष्ट कुठल्या ढिगात असेल?"

मी शोधली. खरंच शोधली, त्या दिवशी आणि नंतरही. चाळीतली, कामाला जाणारी माणसं त्या कादंबऱ्यांत होती, पण ती भांडी घासून नाहीतर निरोप सांगून पुढच्या पानावर निघून जायची. त्यांच्यामागून गोष्ट जात नव्हती. विमलला मी अजून ते पुस्तक देऊ शकलेले नाही, ते राहिलंय.

शाळा सुरू झाली तेव्हा ते ढीग तसेच्या तसे खणांत आले. ढकलाढकलीत कपाटांची दारं निखळली होती, सुताराचा पत्ता नव्हता, म्हणून कपाटं उघडीच राहिली. आणि उघडी म्हटल्यावर पोरी टेबलाच्या पलीकडे आल्या, मी अडवल्या नाहीत. एका हातानं पोरीला धरायची, दुसऱ्या हातानं पुस्तक द्यायचं, तिसरा हात कुठून आणू अडवायला. त्या आपापल्या हातानं पुस्तक काढायला लागल्या. भुताचा खण दुपारपर्यंत रिकामा. एकदा शिवणाच्या बाई शाळा सुटल्यावर आल्या, "विणकामाचं काही आहे का," म्हणत भुताच्या खणापुढं घुटमळल्या. मी पाठ केली आणि पोरीचं लंगोट बदलत बसले. वळून बघते तर बाईही नाहीत आणि एक पुस्तकही नाही. दोन दिवसांनी आल्या, म्हणाल्या, "विणकाम जरा अवघड होतं गं. रात्री दिवा घालवता येईना."

नाराज मंडळीही होती. मराठीच्या बाईंना एकाच लेखकाची सगळी पुस्तकं हवी असायची, आणि माझ्याकडे त्याचं एक हसायच्यात, दोन रडायच्यात. मी आणून द्यायची, माझ्या डोक्यात सगळं होतं, कुठल्या खणात, कितव्या जागी. पण ते फक्त माझ्याच डोक्यात होतं.

मग पोरीला गोवर आला. मी घरी राहिले, अंगावर लिंबाचा पाला फिरवत. दुसऱ्याच दिवशी शाळेचा शिपाई चाळीत हजर. "इंदिराबाई, मोठ्या बाई विचारतायत, ते एक जाडं पुस्तक कुठं आहे, त्यात दोन भाऊ असतात. शाळेत कुणालाच काही सापडत नाहीये." मी सांगितलं. तो संध्याकाळी परत आला, दुसरं पुस्तक विचारायला. तो गेल्यावर आमचे हे हसले.

"आता तुला कोण काढतंय? किल्ली तुझ्या डोक्यात आहे. कमिटीला झक मारून कायम करावं लागेल."

मला कसं गार वाटलं सांगू. इतके दिवस छातीवर दगड होता, कमिटी काय म्हणेल, मूल घेऊन येते म्हणतील, चौथी शिकलेली म्हणतील. गिरणीचं आज आहे उद्या नाही, कधी संप, कधी टाळेबंदी. आणि आता पहिल्यांदाच वाटलं, माझ्यावाचून अडतंय.

मास्तर सुटून आले ते उन्हाळ्याची सुट्टी संपल्यावर. वाळले होते, पण आवाज तोच. लायब्ररीत आले, मी पोरीला काखेत घेऊन उभी. आडनावाची रीत कुठं दिसेना तेव्हा ते कपाटापुढून नुसते फिरत राहिले. एका खणातून एक पुस्तक काढलं, हातानं पुसलं.

"हे कुठल्या गोष्टींत ठेवलंत?"

"हसायच्या."

"का?"

"त्यात तो मामा आहे ना, लग्नात पंगतीत भांडतो. मला इतकं हसू आलं."

"शेवटपर्यंत वाचलंत?"

"अर्धं. पोरगी उठली."

"मामा शेवटी मरतो, इंदिराबाई. वाचा. मी पंधरा वर्षांचा होतो तेव्हा दोन दिवस जेवलो नव्हतो." आणि ते पुस्तक त्यांनी माझ्या हातात दिलं.

मला वाटलं संपलं. पण ते तिथंच स्टुलावर बसले. मधली सुट्टी झाली, पोरींचा लोंढा आला, आपापल्या खणाकडे गेला, मास्तरांना दारात थबकून नमस्कार करून गेला. ते बघत होते. सगळ्या गेल्यावर म्हणाले, "माझ्या वेळेला एवढ्या यायच्या नाहीत."

मी पोरीला दुसऱ्या काखेत घेतली.

"असंच राहू दे. पण एक सांगतो. माझ्या रीतीत पोरींना पुस्तक सापडत नव्हतं हे खरं. तुमच्या रीतीत तुम्ही नसलात तर कुणालाच सापडत नाही. गोवराचं ऐकलं मी. तुरुंगात मला काळजी होती की माझ्यामागं लायब्ररी बंद पडेल. ती तुमच्यामुळं चालली. उद्या तुमच्यामागं?"

"मी कुठं जातेय, मास्तर?"

"तसं नाही. प्रत्येक खणाला चिठ्ठी लावा, हा भुताचा, हा समुद्राचा, आणि खणाच्या आत आडनावानं. म्हणजे नवी पोरगी असो की नवी बाई, हात घालील नि काढील. सक्ती नाही. तुम्ही उभं केलंय, तुम्हीच ठरवा."

मी घरी आले ती विचार करत. ह्यांना सांगितलं तर ते ताटावरून उठलेच.

"खुळी आहेस काय? चिठ्ठ्या लावल्यास की तुझी गरज संपली. कुणीही येऊन चालवील. कमिटी दिवाळीनंतर बसतेय, तोवर तरी थांब. कायम कर म्हणावं, मग लाव हव्या तेवढ्या."

त्यांचं काही चूक नव्हतं. मास्तरही थांबले असते, त्यांनी घाई केली नव्हती. मी बरेच दिवस काहीच केलं नाही. येताना मनाशी म्हणायची, दिवाळीनंतर. आणि पोरगी शिंकली तरी मला वाटायचं, परत शिपाई येईल, येऊ दे.

मग एकदा मी पोरीला डॉक्टरकडे नेऊन उशिरा पोचले तर पाचवीतली एक नवी पोरगी कपाटापुढं उभी. कधीची उभी होती कोण जाणे. सुट्टी संपत आलेली. हात वर करायची, मागं घ्यायची. मला बघून म्हणाली, "कुठलंही द्या, वहिनी."

मी तिला बसवून घेतली, काय आवडतं विचारलं, पुस्तक दिलं. आणि ती गेल्यावर शेगडी पेटवून खळ ठेवली.

चिठ्ठ्या विमलनं लिहिल्या, तिचं अक्षर मोत्यासारखं. लहान पोरींसाठी कुंदानं चित्रं काढली, समुद्राच्या खणावर होडी, रडायच्या खणावर विहीर. मी चिकटवल्या. खणाच्या आतली आडनावं लावायला मात्र मला नाकी नऊ आले, माझी बाराखडी मध्येच अडते, मास्तर शेजारी बसून सांगत होते. त्या मामाचं पुस्तक मी शेवटपर्यंत वाचलं. कुठल्या खणात ठेवायचं यावर आमचं अजून ठरलेलं नाही, तोवर ते टेबलावर असतं आणि कुणीतरी घेऊन जातंच.

आता मी नसले तरी काही अडत नाही. परवा मी गेले नव्हते, कुणी शिपाई आला नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं तर शिवणाच्या बाई म्हणाल्या, "सगळ्यांना सगळं मिळालं. मलासुद्धा." मोठ्या बाई म्हणतात, कमिटीला सांगायला हे पुष्कळ आहे. मास्तर म्हणतात, ज्या बाईनं हे केलं तिला ठेवणार नाहीत तर कुणाला ठेवतील. मला त्यांचं बोलणं खरं वाटतं, दिवसा तरी खरं वाटतं. आमचे हे अजून माझ्याशी तुटकच बोलतात, पण परवा पोरीला घेऊन लायब्ररी बघायला आले होते, चोर-पोलिसांच्या खणापुढं बराच वेळ उभे होते.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा कमिटी बसायची असेल. मी काही शहाणी बाई नाही, मला सारखं वाटतं, दिवाळीपर्यंत थांबले असते तर कुणाचं काय बिघडलं असतं. आणि लगेच ती पाचवीतली पोरगी दिसते, हात वर करून मागं घेणारी. तुम्ही शिकलेली माणसं, चार जागी नोकऱ्या केलेली. घरात तान्हं मूल असतं, नोकरी अशी टांगलेली असती, आणि ती टिकवायची किल्ली एकट्या तुमच्याच डोक्यात असती, तर तुम्ही त्या चिठ्ठ्या लावल्या असत्यात का?